पितृपंधरवड्यातली मॅटिनी

परवा सातारा रस्त्यावरच्या मल्टिप्लेक्समध्ये एकटीच मराठी सिनेमाला गेले. खेळ सकाळी दहा पस्तीसचा, दिवसातला तेवढा एकच. बाकी सगळे पडदे एका हिंदी सिनेमाने अडवलेले. मराठी सिनेमाला आपल्याकडे वेळ नेमून दिलेली आहे: लोकांच्या आंघोळी चालू असतील तेव्हाची, नाहीतर जेवून डोळा लागला असेल तेव्हाची. हे काही आजचं नाही. मी चिडत बसत नाही, लवकर आंघोळ उरकते आणि जाते.

सिनेमा बरा होता. पण गाडी काढायला खाली उतरताना पाय थबकले. तळघरात जाणारा तो उतार, पिवळेकाळे पट्टे मारलेला खांब, शिट्टी वाजवणारा वॉचमन. इथंच, या खांबाच्या आसपास कुठंतरी, आमच्या शालूआत्याची तिकिटांची खिडकी होती. इथं टॉकीज होती तेव्हाची गोष्ट. टॉकीजचं नाव सांगत नाही. मालकांच्या नातवांचं अजून कोर्टात चाललंय म्हणतात, उगाच कशाला. वॉचमन म्हणाला, “मॅडम, गाडी शोधताय का?” मी म्हटलं, “नाही हो, खिडकी शोधतेय.” तो बिचारा वर बघायला लागला.

खिडकी म्हणजे तरी काय, भिंतीला मनगट जाईल एवढं भोक. त्याच्यावर पांढऱ्या रंगात ‘लेडीज’. शेजारी चार हातांवर पुरुषांचं तसलंच भोक, तिथं जगताप बसायचे. बाहेरच्या बाईला आत्या दिसायची नाही, आत्याला बाहेरची बाई दिसायची नाही. आत यायचे ते नुसते हात. पिठाचे हात, मेंदीचे हात, मटार सोलून हिरवी झालेली नखं. दिवाळीच्या पाडव्याला त्या भोकातून उटण्याचा वास यायचा, आणि मे महिन्यात आंब्याचा. आत्या हातावरून माणूस ओळखायची. “काय हो वहिनी, चार बांगड्यांच्या दोनच राहिल्या? भांडी घासताना फोडल्यात की भांडताना?” बाहेर हशा पिकायचा आणि रांग एका पावलाने पुढं सरकायची.

आम्ही बिबवेवाडीत राहायचो, आत्याचं घर आमच्यामागच्याच गल्लीत. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि टॉकीजच्या समोरच्या इमारतीत कॉम्प्युटरच्या क्लासला जायचे. चपला बाहेर काढून आत जायचं, देवळासारखं, कारण कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणे. आत पुण्यातली पहिली थंडगार खोली मी अनुभवली. आम्ही आठजणी एका कॉम्प्युटरभोवती बसायचो आणि प्रत्येकीला कळफलकाला बोट लावायला मिळावं म्हणून पाळी लावायचो. क्लास सुटला की रस्ता ओलांडून मी आत्याच्या खोलीत. तिथं उकाडा, फिनेल, तिकिटांच्या स्वस्त कागदाचा वास, आणि भिंतीपलीकडून येणारे घुमके संवाद. त्या दोन खोल्यांमध्ये फक्त एक रस्ता होता. मला दोन्ही आवडायच्या.

दिवस भराभर बदलत होते. टॉकीजच्या कँटीनमधला गोटी सोडा एका उन्हाळ्यात नाहीसा झाला आणि त्याच्या जागी लाल रंगाचा, घूं घूं करणारा फ्रीज आला. घराघरांवर केबलच्या काळ्या वायरी लोंबायला लागल्या. दर महिन्याला कुणीतरी सांगायचं, आता टॉकीजचे दिवस भरले. आत्या म्हणायची, “भरू देत. घरात सिनेमा बघताना शेजारीण नवी साडी नेसून येते का?”

आत्या सिनेमात कशी गेली ते सांगते. एक मास्तर होते, शाळेत चित्रकला शिकवायचे आणि उरलेला वेळ सिनेमाच्या नादात घालवायचे. एकदा ते टॉकीजच्या मॅनेजरना, दामलेंना, भेटायला आले होते. त्याच वेळी रांगेत मध्ये घुसलेल्या एका बाईला आत्या भिंतीआडून झापत होती. मास्तर जिन्यातच थांबले. “हा आवाज कुणाचा?” त्यांनी विचारलं. दामले म्हणाले, “आमचा भोंगा आहे. काय काम होतं?”

पुढच्या महिन्यात लोणी काळभोरला मास्तरांच्या सिनेमाचं शूटिंग झालं. आत्याने एका दिवसाची रजा टाकली, हिरवं लुगडं पिशवीत घातलं आणि एसटीने गेली. प्रसंग साधा होता. मुलगी बघायला आलेली मंडळी अंगणात बसलीत, नवऱ्या मुलाच्या बापाची मागणी सोन्यावरून स्कूटरवर आलीय, मुलीचा बाप खाली मान घालून बसलाय. तेवढ्यात शेजारीण, म्हणजे आत्या, कुंपणाशी येते आणि म्हणते, “स्कूटर कशाला? मुलाला पाय नाहीत का?” संपलं. एवढंच काम. संध्याकाळी घरी आली तेव्हा तिच्या चपलांना लोणीची काळी माती होती आणि तोंड उन्हाने लाल झालं होतं. ती रात्रीपर्यंत हसत होती.

त्यानंतर सिनेमा डब्यात गेला तो गेलाच. वर्ष झालं, दीड वर्ष झालं, कुणी टॉकीज देईना. मास्तर दर आठवड्याला दामलेंपुढे येऊन बसायचे. दामले वाईट माणूस नव्हते, पण ते तरी काय करणार? मुंबईचे वितरक त्यांना मोठे हिंदी सिनेमे द्यायचे, त्यावर टॉकीज चालायची, आणि त्या लोकांना मध्येच मराठी सिनेमा लावलेला खपायचा नाही. मात्र सरकारचा एक नियम होता, वर्षातून काही आठवडे मराठी सिनेमा लावायचाच. तो नियम सगळे टॉकीजवाले पाळायचे, अगदी मनोभावे, पितृपंधरवड्यात. त्या दिवसांत नवा हिंदी सिनेमा लागत नाही, कुणी नवं काही करत नाही, लोक बाहेर पडत नाहीत असा त्या धंद्यातला पक्का समज. मग टाका त्यात मराठी. पितरांना तरी कुठं तक्रार करायचीय!

तर त्या वर्षी पंधरवड्याच्या दुसऱ्या शुक्रवारी मास्तरांचा सिनेमा लागला. दुपारी बाराची मॅटिनी, तेवढा एकच खेळ. तीन, सहा आणि नऊला जुनाच हिंदी. दामले आत्याला म्हणाले, “शालूताई, नियम आहे म्हणून लावतोय. फार मनाला लावून घेऊ नका.”

आत्याने मनाला लावून घेतलं होतंच. सिनेमा लागायच्या आधी एका संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर भाजी निवडत बसली होती. आईला म्हणाली, “वहिनी, वीस वर्षं लोकांना आत सोडतेय. कोण रडत बाहेर येतं, कोण गाणं म्हणत येतं, सगळं बघितलं. एकदा मला मी बघायचीय. हसू नका. मला फार बघायचीय.” आई हसली नाही. मीही नाही.

आता अडचण ऐका. आत्याचं काम मध्यंतरानंतर होतं, साधारण दोन वाजून पाच मिनिटांनी. आणि दोन वाजता, काटा हलायच्या आत, तिला तीनच्या खेळाची खिडकी उघडायला लागायची. दुसऱ्या कुणाला बसवायची सोय नव्हती. तिकिटांवर करमणूक कराचे शिक्के, त्या दिवसाची पुस्तकं तिच्या सहीने घेतलेली, त्यांना जगतापांनीही हात लावायचा नाही, तपासणीला माणूस कधी टपकेल नेम नाही. मी म्हटलं, “मी बसते ना दहा मिनिटं.” तर म्हणाली, “बस, आणि मग तुरुंगात पण तूच बस.”

पण तिला बुधवारची सुट्टी असायची, तेव्हा सगळी पुस्तकं आपल्या सहीने घेऊन दोन्ही खिडक्या जगताप सांभाळत. म्हणजे बुधवारी निवांत बघता येणार होतं. तोवर सिनेमा टिकला पाहिजे, एवढीच काळजी. कारण रिकाम्या खुर्च्यांपुढे मॅटिनी चालली तर दामले सोमवारीच ती बंद करतील, हे ती जाणून होती. आणि प्रिंट सगळ्या महाराष्ट्रात एकच. पुढं कुठली टॉकीज ठरलेली नव्हती.

पहिल्या दिवशी आत मास्तरांचं कुटुंब, मी, आणि उन्हातून टेकायला आलेले दोन सेल्समन. शनिवारी आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, बघून आले. रात्री ते घरी परतले तेव्हा आत्या उंबऱ्यातच उभी. “कसं झालंय?” आतोबांनी टोपी खुंटीला लावली. “लुगडं जरा नीट नेसायचं होतंस.” वीस मिनिटांनी जेवताना म्हणाले, “आवाज मात्र मागच्या रांगेपर्यंत येतो.” आतोबांच्या हिशेबी हे पोवाडा गाण्यासारखंच होतं. आत्याने त्यांना ताटात आणखी एक भाकरी वाढली.

शनिवारपासूनच आत्याने खिडकीतून मोहीम उघडली. सहाच्या हिंदीला कुणी हात आत घातला की तिकीट द्यायच्या आधी विचारायची, “उद्या दुपारी काय करताय?”

“काही नाही बाई. का हो?”

“मग या की बाराला. गौरी गेल्या, पाहुणे गेले, घट बसायला वेळ आहे. परत अशी दुपार दिवाळीनंतर मिळेल. माझं काम आहे त्यात.”

“तुमचं? अगंबाई, खरंच?”

त्या बाया आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जावा आल्या, भिशीतल्या आल्या, क्लासला मुलींना सोडायला आलेल्या आया आल्या. सोमवारी खालचा अर्धा भाग बायकांनीच भरला. कुणी वेणी घालून, कुणी ओच्यात भुईमुगाच्या शेंगा घेऊन. अंधारात शेंगा फोडल्याचा आवाज सतत. आणि त्या वाक्याला असा हशा उसळायचा की छताचे पंखे हलतात की काय असं वाटावं. मंगळवारी मी भाजीला गेले तर मंडईत एक बाई भाजीवाल्याला सुनावत होती, “पिशवी घरपोच कशाला? मला पाय नाहीत का?” मला इतका आनंद झाला की कोथिंबीर विसरून आले.

दामले चक्रावून गेले. आत्याच्या खोलीत येऊन म्हणाले, “इतकी वर्षं आम्ही समजत होतो पंधरवडा मोकळा जातो.”

“मोकळाच असतो, साहेब,” आत्या म्हणाली. “बायका मोकळ्या असतात.”

सगळा धंदा दामलेंच्या डोक्यात एवढ्या वर्षांचा भरलेला, आणि एवढी साधी गोष्ट कुणाला दिसली नव्हती. सण म्हणजे गर्दी, असं सगळ्या पुरुषांनी मिळून ठरवलं होतं. सणात बाई स्वयंपाकघरात असते, हे कोण बघणार? आता मात्र दामलेंनी थेट मुंबईला फोन लावला. नवरात्र तोंडावर आलं होतं, शुक्रवारी मोठा हिंदी सिनेमा लागायचा होता. निदान बाराचा खेळ मास्तरांना राहू द्या, असं ते विनवत होते. पलीकडून उत्तर आलं: चारही खेळ आमचे, नाहीतर दिवाळीचा सिनेमा विसरा. दामलेंनी फोन ठेवला आणि दोनदा चष्मा पुसला. गुरुवारी सिनेमा उतरणार हे नक्की झालं.

“असू दे,” आत्या म्हणाली. “बुधवार आहे ना माझा.”

मंगळवारी संध्याकाळी जगताप तिच्यापुढे येऊन उभे राहिले, हात चोळत. बुधवारी त्यांच्या वडिलांची तिथी होती. दरवर्षी त्याच पंधरवड्यात असते, दरवर्षी ते रजा घेतात, आणि दरवर्षी आत्याच दोन्ही खिडक्या सांभाळते. सिनेमाच्या गडबडीत दोघंही साफ विसरले होते. बामण सांगून झाला होता, भाऊ गावाहून आले होते. आत्या काय म्हणणार? “वडलांना जेवू घाला नीट. खिरीत वेलदोडा घाला,” एवढंच म्हणाली. बुधवारी ती या भोकाकडून त्या भोकाकडे पळत राहिली आणि दोन वाजून पाच मिनिटांनी भिंतीपलीकडे उसळलेला हशा आम्ही दोघींनी ऐकला. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

उजाडला गुरुवार. शेवटचा दिवस. मी क्लास बुडवून आले. दोन वाजता नव्या हिंदी सिनेमाचं आगाऊ बुकिंग सुरू होणार होतं, त्यामुळे दोन्ही रांगा रस्त्यापर्यंत गेलेल्या. बायकांच्या रांगेत पहिली उभी होती ती लोणी काळभोरची एक बाई, दोन लेकींना घेऊन पहाटेच्या गाडीने आलेली. दोनला पाच कमी असताना तिने भोकातून हात घातला आणि आत हाक मारली.

“ताई, वळिखलं का? शूटिंगला मी बी हुते. तुमच्या मागं, घागर घिऊन. सोमवारी बघून गेले मी मला. घागर लई झ्याक दिसतीया.”

“हो का? मी नाही हो बघितलं अजून,” आत्या म्हणाली. सहजच म्हणाली.

“आँ? तुमी तुमालाच न्हाय बघितलं?”

“दोनला खिडकी असते ना. आज उतरतोय सिनेमा. राहिलं ते राहिलं.”

हात भोकातून बाहेर गेला. बाहेर कुजबुज सुरू झाली. ती रांगेतून मागे मागे सरकत गेली, मी दाराच्या फटीतून बघत होते. वेणीवाल्या, शेंगावाल्या, भिशीवाल्या, सगळ्या एकमेकींना सांगत होत्या. मग लोणीवाली परत ओरडली, “आवं ताई, जावा तुमी! आमी हाय हितं. कुटं पळून जात न्हाय.”

“अहो, तुमची बाल्कनी जाईल! तिकडं पुरुषांची खिडकी उघडेल, सगळ्या चांगल्या जागा ते घेतील.”

“जाऊ दे गेली तर!” रांगेतून कुणीतरी म्हणालं. आणि दुसरी एक जाडजूड बाई रांग सोडून सरळ पुरुषांच्या खिडकीपुढे जाऊन उभी राहिली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आमची उघडेपर्यंत तुमचीही नाही.” पुरुषांत गलका झाला. कुणी म्हणालं, हा अन्याय आहे. कुणी म्हणालं, जगतापांना बोलवा. जगतापांनी आतून मान वाकवून बघितलं, सगळं त्यांच्या कानावर आलं होतं. “सुटे नाहीत,” ते जाहीर करून मोकळे झाले. “सुटे येईपर्यंत बुकिंग बंद.” आणि फळी ओढली.

दामले धावत आले. “काय चाललंय? दोन वाजले! खिडक्या बंद का?” पन्नास बायकांनी एकदम सांगितलं का ते. दामलेंनी बाहीखालचं घड्याळ पाहिलं, कानाशी नेलं, हलवलं. “माझ्या घड्याळात पावणेदोन आहेत,” ते म्हणाले. “ज्यांना घाई असेल त्यांनी उन्हात उभं राहून खात्री करावी.”

मी आत्याचा हात धरून अक्षरशः ओढत नेलं. ती चालता चालता पदर सारखा करत होती, केस चापून बसवत होती, जणू पडद्यावरची तिला बघणार होती. दारावरच्या माणसाने बॅटरी न लावताच पडदा बाजूला केला. आत गारवा, शेंगांचा वास, विहिरीवरचं गाणं संपत आलेलं. आम्ही भिंतीला टेकून उभ्या राहिलो. बाजार झाला. अंगण आलं. नवऱ्याच्या बापाने मिशीवर हात फिरवून स्कूटर मागितली.

आणि कुंपणाशी आत्या आली. केवढी मोठी! हिरवं लुगडं, डोळ्यांवर ऊन, मागे घागरवाली. आत्याने तोंड उघडलं, आणि आतल्या सगळ्या बायका तिच्या आधीच एका सुरात ओरडल्या, “मुलाला पाय नाहीत का?” मग टाळ्या, हशा, कुणीतरी शेंगांची टरफलं उधळली. पडद्यावर तिचे ओठ हलले ते दिसले, पण शब्द काही ऐकू आला नाही. मी तिच्याकडे बघितलं. ती दोन्ही हात तोंडावर धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि म्हणत होती, “अगं मेल्यांनो, मला बोलू तरी द्या!”

दोन वाजून दहा मिनिटांनी ती परत जागेवर बसली. बाहेर पुन्हा हात आत आला. “दिसली का घागर?”

“झ्याक दिसतीया,” आत्या म्हणाली आणि तिला बाल्कनीची तीन तिकिटं फाडून दिली, अगदी मधली.

सिनेमा त्या दिवशी उतरला. पुढं कुणी घेतला नाही. मास्तर गेले, काही वर्षांनी टॉकीजही गेली. त्या वाक्याला मात्र बिबवेवाडीत बरीच वर्षं मरण नव्हतं. लग्नाच्या बैठकीत कुणी काही मागितलं की मागून एखादी म्हातारी ते पुटपुटायचीच. माझी मुलगी आता हिंजवडीला कॉम्प्युटरवरच काम करते. तिने मनावर घेऊन सगळं इंटरनेट पालथं घातलं. सिनेमा नाही, गाणं नाही, एक फोटोसुद्धा नाही. मास्तरांच्या मुलाला गाठलं, तर डबे पत्र्याच्या खोलीत होते, उन्हाने रिळं एकमेकांना चिकटून त्यांचा दगड झाला, असं तो म्हणाला.

परवा मल्टिप्लेक्समधून मी तशीच आत्याकडे गेले. ब्याऐंशी पूर्ण झालीत तिला, ऐकायला कमी येतं, जीभ शाबूत आहे. तिला हे सांगायचं मी कित्येक महिने टाळत होते. शेवटी सांगून टाकलं, मोठ्या आवाजात, दोनदा. एकही प्रिंट उरली नाही, आत्या. कुठंच नाही. आता तुझं काम कुणालाच बघता येणार नाही. बोलता बोलता मीच डोळे पुसायला लागले.

तिने माझं तोंड नीट न्याहाळलं.

“मग तू का रडतेस?” ती म्हणाली. “माझं बघून झालंय.”